कमळकाकडीचा डबा

कुणाचं पोर कुठल्या विद्यापीठात लागणार, हे दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या त्या तीन पोपटी इमारतींमधल्या आया शाळेतल्या सरांना नंतर विचारतात. आधी विचारतात बोक-सुनला. ही काही ज्योतिषीण नव्हे बरं का. इमारतींच्या पायथ्याशी तिचं तोंडीलावण्याचं दुकान आहे. आंबवलेल्या कोबीची किमची, परतलेली बारीक सुकी मासळी, तिळाच्या तेलातला पालक. वय अठ्ठावन्न, गुडघे वाजतात, शिक्षण आठवी. पण सहा वर्षांत तिचा अंदाज दोनदाच चुकला. त्यातल्या एका पोराला ऐन मुलाखतीच्या दिवशी गालगुंड झालं होतं, त्यामुळे ती चूक ती धरत नाही.

पद्धत ठरलेली. आईनं गुणपत्रिका काउंटरवर ठेवायची. बोक-सुन कपाळावरचा चष्मा नाकावर घेणार आणि विचारणार, "अर्ज कुठं?" आई इकडं तिकडं बघून कानाशी येणार, "फक्त तुम्हालाच सांगते हं, ताई." मग बोक-सुन तोंडानं अवाक्षर काढत नाही. डबा भरते. सोयात शिजवलेली कमळकाकडी मिळाली की पोर लागलं. मुळा मिळाला तर दुसरं दार बघा. आणि बटाटे म्हणजे देव जाणे. त्यामुळं डिसेंबर सरता सरता लिफ्टमध्ये आया एकमेकींच्या तोंडाकडं बघत नाहीत, पिशवीकडं बघतात. सातव्या मजल्यावरच्या गारामच्या आईनं तर यंदा मुळ्याचा डबा शालीत असा गुंडाळून नेला, की शेजारणीनं दार धरलं आणि विचारलं, "झोपलंय का?"

आणि यंदाच एक पंचाईतही झाली. बोक-सुनचं स्वतःचं शेंडेफळ, दा-वॉन, परीक्षेला बसलं होतं. पोरीचं लहानपणापासून दगडांवर प्रेम. खिशात दगड, उशाखाली दगड. तिला सोलच्या मोठ्या विद्यापीठात भूशास्त्रच हवं होतं. गुण असे की धड आत नाहीत, धड बाहेर नाहीत. सर म्हणाले, "निम्मं निम्मं." आणि जगाच्या पोरांना एका नजरेत डबा देणाऱ्या बाईनं आपल्या पोरीचा कागद नऊ वेळा बघितला आणि नऊ वेळा घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला. दोन आठवडे घरात फक्त मासे शिजले. ना कमळकाकडी, ना मुळा, ना बटाटा.

आता यात ग्यानबाची मेख अशी, की त्या विद्यापीठात एकच अर्ज करता येतो. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आकडे दिसतात, कुठल्या शाखेत एका जागेला किती अर्ज आलेत ते. मग आकडे झाकतात, आणि सहापर्यंत अर्ज घेतात. त्यामुळं शहाणी माणसं आधी अर्ज करतच नाहीत. मांजरासारखी दबा धरून बसतात आणि सगळ्यांत रिकामी शाखा दिसली की उडी. सगळेच एकदम उडी मारतात, हे दरवर्षी सगळ्यांना नव्यानं कळतं.

तीनला आकडे झाकले. शेवटचे दिसले ते असे, भूशास्त्र एका जागेला तीन, तत्त्वज्ञान दीड. बोक-सुननं मागच्या खोलीत जाऊन पोरीला फर्मान सोडलं, "तत्त्वज्ञान भर."

"आई, मला तत्त्वज्ञानातलं काही कळत नाही."

"कुणाला कळतं? आत तर शिरशील."

दा-वॉन उठली. कोट घातला, मागच्या दारानं बाहेर पडली, पुढच्या दारानं दुकानात आली, आणि आयांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. नंबर आल्यावर गुणपत्रिका काउंटरवर ठेवली.

"मावशी, माझंही बघा."

"चेष्टा नको करूस. घरी जा."

"बघा की ताई," गारामची आई मागून म्हणाली. "गिऱ्हाईक आहे. रांगेत उभी होती बिचारी."

सगळ्या हसल्या. बोक-सुननं फणकाऱ्यानं चष्मा खाली ओढला. चष्मा खाली आला की पुढचं सगळं आपोआप होतं. "अर्ज कुठं?"

"तत्त्वज्ञानाला. आई म्हणते, एका जागेला दीडच अर्ज आहे."

"तुझ्या आईला काय कळतं? सकाळपासून अकराजणी तत्त्वज्ञान विचारून गेल्या. अकराही फक्त मलाच सांगून."

त्या अकरांतल्या पाचजणी तिथंच उभ्या होत्या.

"मग भूशास्त्राला टाकू?"

"दोन आठवड्यांत एकाही बाईनं त्याचं नाव काढलं नाही. दगडांसाठी कोण मरतंय?"

बोलता बोलता हात कमळकाकडीच्या परातीत गेलासुद्धा. तेव्हा कुठं बोक-सुनला ऐकू आलं, आपण काय बोललो आणि कुणाकुणासमोर.

बघता बघता पाचही जणींना गॅसवर ठेवलेली भांडी आठवली.

"गारामची आई, तुमचं सूप तर फ्रीजमध्ये आहे, मघाशी तुम्हीच सांगितलंत," बोक-सुन म्हणाली.

"ते उतू जातंय, ताई," असं म्हणून ती गेली. हातातला फोन कानाला लावूनच.

दा-वॉननं भूशास्त्र भरलं. सहानंतर आकडे उघडले. तत्त्वज्ञान एका जागेला अकरा, भूशास्त्र पाच. फेब्रुवारीत निकाल लागला. दा-वॉन प्रतीक्षा यादीत पहिली, आणि भूशास्त्रात शेवटचा लागलेला कोण? गाराम. त्या दिवसापासून सातव्या मजल्याला दुकानातून शिळी किमची जायला लागली.

आठवड्यानं गारामची आई खाली आली. "ताई, गारामला इथंच देगूमध्ये औषधशास्त्राला बोलावलंय. सोलची जागा सोडतोय आम्ही."

बोक-सुनचा हात थांबला. "सोडा की मग."

"सोडते. पण आधी माझी कमळकाकडी द्या. तुम्ही मुळा दिला होतात, आणि पोर तर लागलं. तुमचा अंदाज चुकला."

"मुळा तत्त्वज्ञानाला दिला होता. दगडांबद्दल तुम्ही मला कधी विचारलंत?"

मग बोक-सुननं मोठ्यातला मोठा डबा घेतला आणि झाकण लागेना इतका भरला. गारामच्या आईनं तिथंच उभ्या उभ्या फोनवर लेकाला जागा सोडायला सांगितलं. डबा शालीत न गुंडाळता, आरतीच्या ताटासारखा समोर धरून ती लिफ्टमध्ये शिरली.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला सोलच्या विद्यापीठातून एका बाईचा फोन आला. जागा हवी आहे का, एवढंच त्या बाईनं विचारलं. दा-वॉननं तीनदा हो म्हटलं. फोन ठेवून वळली तर आई काउंटरपलीकडं डबा भरत होती. चष्म्यावर वाफ, डोळ्यांत काय ते दिसत नव्हतं.

"आई, मला कमळकाकडी आवडत नाही."

"आता आवडेल," बोक-सुन म्हणाली. "धर."