दाजींचं पाण्याचं इंजिन

दुपारी ताईचा फोन आला तेव्हा मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. "अरुण, हे खाली गाडीत बसलेत आणि उठत नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी निगडीहून पिंपळे गुरवला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान वसंतराव, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या लाडक्या गाडीत बसल्या बसल्या गेले होते. हृदय बंद पडलं, इंजिन मात्र चालूच होतं. शेजारून लोक ये-जा करत होते. एकदोघांनी नमस्कारही केला म्हणे, आणि दाजींनी तो घेतला नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण एरवीही ते घेत नसत. शेवटी वॉचमनने काच वाजवली... पूर्वीचं इंजिन असतं तर खडखडाटाला वैतागून कुणीतरी आधीच खाली आलं असतं. हे नवं इंजिन चालू आहे की बंद तेच कळत नाही, आणि दाजींना त्याचाच मोठा अभिमान होता.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहायचं असा आपल्याकडे रिवाज आहे. पुरवणीच्या संपादकांनीही "चार चांगल्या आठवणी लिहा" असंच सांगितलं. चार काही मला सापडल्या नाहीत. दोन आहेत, त्या आधी सांगून टाकतो. एक म्हणजे दाजींचे हात. कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांनी उभा जन्म काढला, आणि लोखंडाचा तुकडा त्यांच्या हातात गेला की मुकाट सरळ व्हायचा. घरातली माणसंही तशीच व्हावीत अशी त्यांची अपेक्षा असे. दुसरी आठवण रविवारची. खडकीच्या एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली ती जुनी परदेशी गाडी, गोल पाठीची, इंजिन मागे असलेली. आम्ही सगळे तिच्यात कोंबून देहूला नाहीतर लोणावळ्याला निघायचो. मागच्या सीटच्याही मागे, बरोब्बर इंजिनच्या वर, सामान ठेवायला एक खळगा होता. दाजींची एकुलती एक मुलगी स्वाती त्यात पाय दुमडून बसायची. इंजिनची ऊब लागून ती तिथेच झोपायची आणि उतरायची वेळ झाली की रडायची. दाजी तिला उचलून खांद्यावर टाकायचे आणि जिना चढायचे. ते मी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

त्या गाडीला रेडिएटर नव्हता. तिचं इंजिन पंख्याच्या वाऱ्यावरच थंड व्हायचं. "हिला पाणी लागत न्हाई, पाव्हणं. हवा खाती आन् चालती," असं दाजी मला किती वेळा म्हणाले असतील त्याला गणती नाही. घाटात कुणाच्या बॉनेटमधून वाफ निघताना दिसली की हे मुद्दाम गाडी हळू करायचे, काच खाली घ्यायचे आणि विचारायचे, "काय भाऊ, तहान लागली व्हय?" त्या इंजिनचा आवाज शिवणयंत्रासारखा, पण गल्ली दणाणून सोडणारा. गाडी कोपऱ्यावर असतानाच घरात कळायचं. ताई तवा ठेवायची आणि स्वाती अभ्यास टाकून गॅलरीत पळायची. मोठी झाली, चाकणला नोकरीला लागली, तरी सुट्टीच्या दिवशी तो आवाज आला की ती गॅलरीत येऊन उभी राहायचीच.

चाकणच्या त्या कंपनीतच तिचं सिद्धार्थ साळवेशी जमलं. आता हा सिद्धार्थ म्हणजे कुणी परका नव्हे. त्याचे वडील आणि दाजी टूलरूममध्ये शेजारी शेजारी काम करत आले, दुपारी एका डब्यात जेवत आले. साळवेवहिनींच्या हातच्या भाकरीची तारीफ ताईसमोर करून तिला टोचणं हा तर दाजींचा आवडता उद्योग होता. त्यामुळे साळवे पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले तेव्हा मला वाटलं, थोडी कुरकूर होईल आणि मिटेल. मी तिथेच होतो. साळवे म्हणाले, "वसंतराव, इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आपण. आता पोरांचं बघू." दाजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डबा एक केला म्हणून घर एक होत न्हाई, साळवे. चहा घ्या आन् निघा." साळव्यांनी चहा संपवला आणि गेले. ताई कप धुवायला उचलू लागली तर दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्यो." आणि स्वतः उठून त्यांनी तो कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. स्वाती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याच आठवड्यात तिने घर सोडलं. निघताना ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आईला मी बाहेर कुठंही भेटेन. पण या घरात परत येईन ती तुम्ही स्वतः न्यायला आलात तरच, बाबा." दाजी पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

लग्न रहाटणीच्या एका लहानशा हॉलमध्ये झालं. ताई आणि मी गेलो. बुद्धवंदना सुरू असताना ताई पदराने डोळे पुसत होती आणि साळवेवहिनी तिचा हात धरून बसल्या होत्या. दाजी त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीचा कार्ब्युरेटर साफ करत होते. रहाटणी म्हणजे तरी काय, ताईने डबा भरून नेला तर भाजी गरम असते तोवर माणूस तिथे पोचतो. ताई तसा नेतही असे, चोरून. दाजींना ते माहीत होतं, पण माहीत असल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही. पुढे स्वातीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. ताईने जेवायचं सोडलं तेव्हा कुठे दाजी वाकले. "जाईन न्यायला. पर माझ्या गाडीनं जाईन. भाड्याच्या रिक्षातनं माझी पोर माहेरी येनार न्हाई." मला त्या दिवशी त्यांच्याविषयी प्रेम वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

पण गाडी आता म्हातारी झाली होती. काळेवाडी फाट्यावरच्या गर्दीत अडकली की वारा मिळत नाही, इंजिन तापतं आणि बंद पडतं. मी म्हणालो, "दाजी, माझ्या गाडीनं जाऊ. मी चालवतो." ते म्हणाले, "आन् तिच्या दारात माझी बंद पडली तर? साळव्यानं ढकलायची व्हय माझी गाडी?" माझ्या गाडीचा प्रश्न त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यांनी ठरवून टाकलं होतं की या गाडीला आधी पाण्याचं इंजिन बसवायचं, मग पोरीला आणायचं. सुनेच्या बाळंतपणाची तयारी रहाटणीत सुरू झाली आणि इकडे बापाची चाकणच्या भंगारवाल्यांकडे. अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन मिळालं. ते कांद्याच्या टेम्पोतून आलं आणि पुढे कितीतरी दिवस पार्किंगला कांद्याचा वास येत होता.

असं इंजिन नुसतं उचलून ठेवता येत नाही. जुना गिअरबॉक्स आणि नवं इंजिन एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांच्यामध्ये जाड पत्र्याची जोडप्लेट लागते. ती दाजींनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर उभं राहून केली, आवडली नाही म्हणून टाकली, पुन्हा केली. रेडिएटर पुढे बसवायचा आणि पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून मागे न्यायचे. काम सुरेखच होतं, यात वाद नाही. दरम्यान स्वातीचा सातवा महिना गेला, आठवा गेला. ताई पार्किंगमध्ये जाऊन उभी राहायची आणि परत यायची. मुलगा झाला तो सासरीच. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा दाजी गाडीखाली होते. बाहेर काढलेल्या हातावर मी पेढा ठेवला. हात आत गेला आणि थोड्या वेळाने पाना मागण्यासाठी पुन्हा बाहेर आला.

नवं इंजिन लांबीला जास्त होतं. एके दिवशी गेलो तर दाजी ग्राइंडर घेऊन मागच्या सीटमागचा तो खळगा कापत होते. ठिणग्या उडत होत्या. मी म्हणालो, "दाजी, ही स्वातीची जागा." ग्राइंडर न थांबवता ते ओरडून म्हणाले, "जागा गाडीची हाय. ती नुसती बसायची." त्या वाक्यासाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही, आणि माझ्या माफीवाचून त्यांचं काही अडलंही नाही.

इंजिन बसलं आणि पहिल्याच फेरीत औंधच्या पुलावर उकळलं. कारण ऐकाल तर हसाल. दाजी पाणीच भरायला विसरले होते! जन्मभर हवेवर गाडी चालवलेल्या माणसाला निघण्यापूर्वी पाणी बघायची सवय कुठून असणार? पाणी मागायला गेले त्या पेट्रोल पंपावरचा माणूस त्यांना काही बोलला असावा, कारण घरी येऊन त्यांनी ताईवर तोंड सोडलं की तुला आठवण करून देता येत नाही, तुझं लक्ष रहाटणीत. इंजिन पुन्हा खोललं. नातवाचा पहिला वाढदिवस त्यात गेला. "आधी गाडी, मग पोर," असं ते म्हणत राहिले. मला आता वाटतं की गाडी पूर्ण होऊच नये अशी त्यांची इच्छा होती. रहाटणीत साळव्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, चहा घ्यायचा, त्याच माणसाच्या घरच्या कपातून... त्यापेक्षा गाडीखाली पडून राहणं सोपं होतं. भित्रा माणूस होता. आवाज मोठा म्हणून आमच्या ते लक्षात आलं नाही.

पण लोखंडापुढे त्यांना खोटं वागता येत नव्हतं, त्यामुळे गाडी शेवटी उत्तम झालीच. भर दुपारी काळेवाडी फाट्यावर उभी राहिली तरी तापमानाचा काटा हलायचा नाही. मेकॅनिक लोक बघायला येत आणि म्हणत, "काका, कळतच नाय चालू हाय का बंद." दाजी खूश. आता कुठलंच कारण उरलं नव्हतं. तरी आणखी काही आठवडे ते रहाटणीच्या उलट दिशेला, सांगवीपर्यंत जायचे आणि परत यायचे.

ज्या दिवशी ते गेले, त्या सकाळी त्यांचा मला फोन आला होता. आवाज बसलेला. "पाव्हणं, काल गेल्तो रहाटणीला." मी आनंदाने काहीतरी बोलणार तोच म्हणाले, "ऐका तर. बिल्डिंगखालनं दोन फेऱ्या मारल्या. पैल्या मजल्यावर, गॅलरीत कपडे वाळत घालत हुती. समोर, अगदी समोर. मान वळिवली न्हाई पोरीनं. बापाची गाडी दिसंना व्हय तिला?" मी म्हणालो, "दाजी, हाक मारायची." "बापानं रस्त्यावरनं हाका मारायच्या? तिनं बघितलं न्हाई, विषय संपला." फोन ठेवला. मी ठरवलं की रविवारी स्वातीकडे जाऊन काय ते बघू. दुपारी ताईचा फोन आला.

स्वाती त्या दिवशी आली. ज्या घरात न्यायला आल्याशिवाय येणार नव्हती, तिथे न नेताच आली. स्मशानात खांदा द्यायला साळवे पुढे आले. कुणी त्यांना थांबवलं नाही. थांबवणारा खांद्यावर होता. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आम्ही तिघं बसलो होतो. स्वातीचा मुलगा ताईच्या मांडीवर झोपला होता. स्वाती म्हणाली, "मामा, मी रोज कान देऊन असायचे. पोटात हा असल्यापासून. जुनी रिक्षा जरी खडखडत आली ना, तरी मी गॅस बंद करून गॅलरीत यायचे. वाटायचं, बाबा आले. एकदा तरी यायचं होतं."

ताई माझ्याकडे बघत होती. सांगू नकोस, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. पण दाजींची इभ्रत राखण्यासाठी पोरीला अंधारात ठेवावं असं मला वाटलं नाही. मी सांगितलं. आदल्या दिवशी आले होते, दोन फेऱ्या मारल्या, तू कपडे वाळत घालत होतीस. तिचा चेहरा आधी उजळला, हे मला विसरता येणार नाही. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. "पण आवाज कुठं आला?" ती म्हणाली. "मला आवाज नाही आला, मामा." गाडीचं काम चाललंय, एवढंच ताईने तिला सांगितलं होतं. मी तिला नव्या इंजिनचं समजावून सांगितलं, पाणी, पाइप, रेडिएटर... ती सगळं ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि हॉर्न? हॉर्नही बदलला का?"

मी नाही म्हणालो. हॉर्न जुनाच होता.

तिने खुंटीवरची किल्ली घेतली आणि खाली गेली. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. ती दाजींच्या जागेवर बसली, दार ओढून घेतलं आणि हॉर्न दाबून धरला. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली. कुणीतरी "अहो, बंद करा" म्हणून ओरडलं. वर ताईच्या मांडीवरचं पोर दचकून रडू लागलं. बॅटरी उतरून आवाज घोगरा झाला, मग बारीक झाला, आणि पुरता बंद पडला तरी स्वातीचा हात तिथेच होता.