काळी बाजू

आलिंग उर्सुलाची, म्हणजे उर्सुलामावशीची, बिबिंका फिलिपिन्समधल्या तायाबास गावात नावाजलेली, आणि तिची जीभ त्याहून. स्पॅनिश अमलातला कमानींचा दगडी पूल तिच्या घराजवळच होता. तो बांधताना तिचा पणजोबा वेठीला राबला होता, हे ती तांदळाच्या गरम बिबिंकेबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट ऐकवायची.

पण वादळात पुलाचा कठडा ढासळला, तेव्हा त्यातला एक दगड हिनंच गुपचूप आणून चुलीला लावला. लोक विचारायला लागले, तशी म्हणाली, "त्या तेबानला विचारा! नारळाच्या दारूसाठी आईलासुद्धा विकेल." चोराच्या उलट्या बोंबा! शेजारचा तेबान पिणारा होताच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. तेव्हापासून तो दिसला की पोरं "दगडचोर" म्हणून ओरडायची, आणि उर्सुला मान फिरवायची.

यंदा पाद्रींनी प्रवचनात सांगितलं, "संत सान इसिद्रोच्या मूर्तीची मिरवणूक पुलावरून जाईल, त्याआधी नेलेले दगड परत आणा. कुणाला काही विचारणार नाही."

उर्सुलानं चुलीचा दगड उपसला. दगड घासघास घासला, काजळी निघेना. शेवटी तिनं तेबानलाच हाक मारली.

"चुलीचा दगड तडकलाय रे. नदीत टाकून येतोस?"

तेबाननं दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो खांद्यावर घेतला.

थोड्या वेळानं ती कठडा बांधणाऱ्या गवंड्यांसाठी बिबिंका घेऊन पुलावर गेली, तर दगड पुढ्यात ठेवून तेबान तिथंच उभा. भोवती हशा पिकलेला.

"आली एकदाची सुबुद्धी!"

"इतकी वर्षं उशाला घेऊन झोपत होतास का रे?"

तेबाननं दगड गवंड्याकडे सरकवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं उर्सुलाला झालं.

गवंड्यानं दगड फिरवून पाहिला. "हा चुलीला होता की काय? केवढा काळा!"

"ती बाजू आत घाल," तेबान घाईघाईनं म्हणाला. "दिसायला नको कुणाला."

उर्सुलानं टोपली खाली ठेवली. ज्याच्या तोंडाला तिनं काळं फासलं होतं, तोच तिची अब्रू झाकत होता. तिला स्वतःची किळस आली.

"बाहेर ठेव," ती पुटपुटली.

"काय म्हणता, आलिंग?" गवंड्यानं विचारलं.

"काळी बाजू बाहेर ठेव, बाळा. माझ्या चुलीची आहे ती. दगड मी नेला, नाव ह्याचं घेतलं."

हशा थांबला. टोपलीला कुणी हात लावला नाही.

मिरवणुकीत जो तो त्या काळ्या दगडाकडे बघत पुढे जात होता. उर्सुला दगडाच्या शेजारीच उभी होती, मान खाली घालून.