चोरून घेतलेलं इंजेक्शन

वैशाली गेल्याचं मला तिच्या घरून कुणी कळवलं नाही. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तिचा लग्नातला फोटो टाकला आणि खाली मजकूर, ‘आपली मैत्रीण वैशाली हिचे हृदयविकाराने अचानक निधन.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी तेव्हा कुकर लावत होते. मला रडू यायच्या आधी राग आला आणि खरं सांगते, तो अजून उतरलेला नाही. अचानक कसलं डोंबलाचं? जी मुलगी सातवीत असल्यापासून आजारी आहे, जिच्या आजाराचं नाव माहीत आहे, औषध माहीत आहे, ते औषध स्वस्त आहे, ती ऐन पस्तिशीत जाते... याला अचानक म्हणायचं? मी ग्रुपवर तसंच लिहिलं. लगेच उत्तर आलं, ‘सुजाता, ही वेळ नाही.’ मग वेळ कधी असते, ते काही कुणी सांगितलं नाही. आता दीड महिना होत आला. कुणी सांगेल याची वाट न बघता लिहितेय.

आम्ही दोघी अंबरनाथ पश्चिमेच्या एकाच चाळीत वाढलो. तिच्याकडे एका खोलीत सहा माणसं झोपायची, त्यामुळे एकाला खोकला झाला की तो फिरत फिरत सगळ्यांना व्हायचा. सातवीत वैशालीचा घसा धरला, ताप आला. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ताप उतरला, विषय संपला. मग काही दिवसांनी तिचा गुडघा सुजला. गुडघा ओसरला तर घोटा, घोटा बरा झाला तर मनगट. आज कुठे मुक्काम, असं आम्ही मुली तिला चिडवायचो आणि तीही हसायची. तिची आई तिळाचं तेल कोमट करून चोळायची आणि चाळीतल्या यच्चयावत बायकांचं एकमत होतं की हे वाढीचं दुखणं. आमच्याकडे मुलीचं दुखणं एकतर वाढीचं असतं, नाहीतर नाटक असतं. पीटीच्या तासाला धावताना ती मटकन खाली बसली तेव्हा आमच्या सरांनी दुसरं निदान केलं आणि तिला तासभर उन्हात उभं ठेवलं. त्या सरांचं तोंड आजही आठवलं की माझे हात शिवशिवतात.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मी तिच्याबरोबर गेले होते, म्हणून ते ऐकलेलं मला स्पष्ट आठवतं. घशात जे जंतू शिरले होते त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटलं, असं त्या म्हणाल्या. आधी सांध्यांवर, मग हृदयाच्या झडपांवर. सांधे बरे होतात, झडपा होत नाहीत. झडप अजून थोडीच बिघडलीय, पण पुन्हा तसा घसा धरला की आणखी बिघडेल, म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि ते वर्षानुवर्षं घ्यायचं, बरं वाटलं तरी सोडायचं नाही. इतकं समजावून झाल्यावर त्यांनी वैशालीच्या आईला विचारलं, काही शंका आहे का? काकूंनी एकच शंका विचारली.

“हिचं लग्न होईल ना?”

लग्न झालं की. न व्हायला काय झालं होतं? दिसायला छान, हाताला चव, शिवणात तरबेज. बदलापूरच्या कुळगावातली शेतकरी मंडळी बघायला आली. शेती आता नावालाच होती, जमिनीवर इमारती उठल्या होत्या, पण घर मोठं, माणसं खाऊनपिऊन सुखी. मुलगा संदेश अंबरनाथच्याच एका कारखान्यात कामाला. त्याच्या आईला सगळे माई म्हणतात. चहा झाल्यावर माईंनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, मुलीत काही खोट नाही ना? काकू म्हणाल्या, देवाच्या दयेने काही नाही. आदल्या रात्रीच घरात ठरलं होतं की इंजेक्शनचा ‘इ’सुद्धा काढायचा नाही. तिच्या मामांचं म्हणणं, लग्नानंतर अशी दुखणी आपोआप सुटतात. हे मामा वैद्य का? छे, सिमेंटच्या दुकानात होते. वैशाली मान खाली घालून साडीच्या काठाशी चाळा करत बसली होती. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तिच्यासमोर बोललं गेलं आणि ते तिला निभवावं लागलं.

तिने ते कसं निभावलं ते ऐका. कुळगावात इंजेक्शन घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून दर तीन आठवड्यांनी ती उल्हासनगरला जायची, घरी सांगून की साड्यांना फॉल-पिको करायचंय, अस्तरं आणायचीयत. मी अंबरनाथहून लोकलमध्ये चढायचे, ती बदलापूरहून आलेली असायची. इंजेक्शन कमरेखाली, आणि ते असं ठणकतं की घेतल्यावर पाय टाकता येत नाही. मग ती कपड्याच्या बाजारात एका सिंधी चाचांच्या दुकानात टेकायची. त्यांनी कधी काही विचारलं नाही. ती दिसली की ते गिऱ्हाईक बाजूला ठेवून स्टुलावर कापडाची घडी टाकायचे आणि म्हणायचे, “बैठ बेटा, आराम से.” पण खोटं बोलायचं म्हणजे पुरावा लागतो, म्हणून दर खेपेला तिला काहीतरी घेऊन जावंच लागायचं. तिच्या कपाटात अस्तरांचे इतके तुकडे साठले की अख्ख्या बदलापूरच्या ब्लाउजांना पुरले असते. लंगडत घरी गेली की पायरीवर ठेच लागली म्हणायची. दर तीन आठवड्यांनी ठेच लागते आणि घरात कुणाच्या डोक्यात काही येत नाही. मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं. आम्ही दोघी त्या स्टुलावर बसून खूप हसलोय.

मग अडचणी सुरू झाल्या. उल्हासनगरचे ते डॉक्टर वारले. दुसरे म्हणाले, मी हे इंजेक्शन देत नाही, रिॲक्शन आली तर जबाबदार कोण? तिसऱ्यांनीही तेच. अहो, ती लहानपणापासून घेतेय, तिला काही होत नाही, असं मी त्यांना सांगत होते आणि ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्याच दवाखान्यात सर्दीला सलाइन लावून ठेवलेली माणसं ओळीने पडलेली होती, ते चालतं. सरकारी दवाखान्यात गेलो तर देतील, पण औषधच संपलेलं. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात, अजून आलं नाही. मेडिकलवाले म्हणाले, ताई, त्यात कुणाला काही सुटत नाही हो, म्हणून कुणी ठेवत नाही. म्हणजे औषध महाग असतं तर मिळालं असतं. स्वस्त आहे आणि गरिबाच्या आजाराचं आहे, म्हणून मिळत नाही. यावर कुणाचं डोकं फिरत नसेल तर त्याने आपलं डोकं तपासून घ्यावं.

त्यात तिला दिवस गेले. ती माहेरी आली आणि काकूंनी फर्मान काढलं, पोटुशी बाईला असली सुई नको. डॉक्टरांनी चालतं म्हणून सांगितलं होतं, पण डॉक्टरांपेक्षा चाळीतल्या बायकांचा अनुभव दांडगा. आर्या झाली, छान झाली, पण बाळंतपणात वैशालीला धाप लागली तेव्हा सगळं संदेशला कळलं. त्याने काय करावं? ओरडला नाही, भांडला नाही. फक्त म्हणाला, आईला नको कळायला, ती डोक्यात राख घालून घेईल. चांगला मुलगा आहे तो, पण मला त्याच्या चांगुलपणाचाही राग येतो. तेव्हापासून दोघं मिळून लपवायला लागले, आणि बंद पडलेली इंजेक्शनं बंदच राहिली. पुढे ते सगळे बदलापुरातच सोनिवलीला नव्या इमारतीत राहायला गेले, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद. वैशाली प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि शेजारणींना म्हणायची, अगं, वजन वाढलंय माझं. काडीसारखी झाली होती. माईही काही साध्या नाहीत, सुनेने दुपारी आडवं पडलेलं त्यांना खपत नसे, मग ती बाथरूममध्ये बादली उपडी घालून बसायची. हे मला तिनेच हसत हसत सांगितलं. या वेळी मी हसले नाही.

मी तिला म्हटलं, आज मी तुझ्या सासूला सांगणार. तर तिने माझा हात ओढून आर्याच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली. अशी बाई. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तेव्हा ते म्हणाले, झडप फार अरुंद झालीय, मांडीतून नळी घालून फुग्याने रुंद करता येईल, सरकारी योजनेत होईल, पण आता थांबू नका. तारीख मिळाली. ती तारीख नेमकी गौरींच्या दिवसांत आली. घरात गौरी बसणार, एकुलती एक सून, आणि ती हॉस्पिटलात? काय सांगून जाणार, फॉल-पिको? तिने फोन करून तारीख पुढे ढकलून घेतली. मी तिला फोनवर नाही नाही ते बोलले. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “सुजे, गौरी होऊ दे ना. मग आहेच की मी मोकळी.”

गौरी झाल्या. तिने पुरणाचा स्वयंपाक केला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना उठून उठून वाण दिलं. विसर्जनानंतर दोन दिवसांनी सकाळी तिच्या छातीत पाणी भरलं. संदेश आणि इमारतीतली दोघं तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली घेऊन आले. रिक्षात ती बसूनच होती, आडवी होता येत नव्हतं. कल्याणच्या अलीकडेच ती गेली.

तेराव्यानंतर मी सोनिवलीला गेले. माई खिडकीशी बसल्या होत्या. कल्याणच्या हॉस्पिटलात ती गेल्याचं सांगताना डॉक्टरांनी तिचे जुने कागद बघून माईंना विचारलं होतं की हिची इंजेक्शनं कधीपासून बंद होती, आणि त्यांना प्रश्नच कळला नव्हता. तो प्रश्न त्यांनी मला विचारला. आता शपथ कुणासाठी पाळायची? मी सगळं सांगितलं, घशापासून गौरींपर्यंत, आणि सांगताना मी मवाळ बोलले नाही. तुम्ही विचारलं होतंत ना, मुलीत काही खोट नाही ना, म्हणून? ही घ्या ती खोट. मला वाटलं आता काकूंना शिव्या घालतील, आमची फसवणूक केली म्हणतील.

“विचारायचं असतं म्हणून विचारलं गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूनं माझ्या आईला विचारलं, तसं मी हिच्या आईला विचारलं. आहे म्हणाल्या असत्या, तर पुढं काय बोलायचं ते मला तरी कुठं ठाऊक होतं...” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि गौरींचं काय, त्या पुढल्या वर्षी परत येतात.”

मला त्यांना धीर द्यायचा नव्हता आणि मी दिला नाही. पण मी तिथून उठूनही गेले नाही. इतकी वर्षं एक अख्खं कुटुंब, तिचं माहेर, तिचा नवरा, ती स्वतः, या एका बाईला घाबरून होतं, आणि ती बाई नुसती रीत म्हणून प्रश्न विचारून मोकळी झाली होती. माईंनी सांभाळून घेतलं असतं का? मला माहीत नाही. कदाचित लग्नच मोडलं असतं. मोडलं असतं तर मोडलं असतं, वैशाली आज अंबरनाथला ब्लाउज शिवत बसली असती आणि मला चिडवत असती. राग कुणावर काढू हेच कळत नाही. तिच्यावरही येतो, सगळ्यात जास्त तिच्यावर येतो, आणि मग तिची इतकी आठवण येते की काही सुचत नाही.

मागच्या आठवड्यात सकाळीच माईंचा फोन आला. आर्या आता तिसरीत आहे. तिला ताप होता, गिळताना दुखत होतं. संदेश म्हणाला, गुळण्या कर, शाळेतून आणलं असेल कुठलंतरी. माईंनी त्याचं ऐकलं नव्हतं. नातीला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावून आत बघितलं होतं. आत लालभडक आहे, पांढरं पांढरं दिसतंय, डॉक्टर कुठला गाठायचा ते सांग, म्हणाल्या. मी शिकवणीची मुलं परत पाठवली आणि सोनिवली गाठली. लिफ्ट बंदच होती. आम्ही तिघी जिन्याने उतरत होतो, माई पुढे, एका हाताने कठडा धरून. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण दारात भाजी निवडत होती. तिने विचारलं, कुठे निघालात सकाळी सकाळी? मी सवयीने काहीतरी कारण शोधायला लागले, इतकी वर्षं तेच केलं होतं. माई थांबल्या.

“आर्याचा घसा दाखवायला.”

शेजारीण हसली. इतक्याशा घशाला काय डॉक्टर, म्हणाली, मध-हळद चाटवा, जाईल.

माईंनी कठडा सोडला. सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “इतक्याशा घशानंच हिची आई गेली. आम्ही लपवून लपवून घालवली तिला. तुझीबी दोन पोरं खोकताना मला रोज ऐकू येतात, ती भाजी ठेव खाली आणि त्यांना घेऊन आमच्याबरोबर चल.”