गुरुजींचं शिफारसपत्र

आमचे गुरुजी भांडणाऱ्या दोघांना कधी समोरासमोर बसवत नसत. ते निरोप पोचवत, आणि निरोप वाटेत बदलत. एकदा शेजारच्या आंब्याची फांदी गडग्यावरून पलीकडे गेली. मालकाने बजावलं, "सांगा त्याला, फांदीला हात लावलास तर तंगडं मोडीन." गुरुजी पलीकडे जाऊन म्हणाले, "तो म्हणतोय, फांदीवर चढू नको, पाय मोडेल." पलीकडचा विरघळला. हा खोटेपणा झाला असं मी म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, "खोटं कसं गो? पाय आणि मोडणं, दोन्ही पोचवलं ना मी?"

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात ते मास्तर म्हणून आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. सगळं गावच त्यांच्या वर्गात बसून गेलेलं.

मी समाजकार्य शिकून रत्नागिरीत एका संस्थेत नोकरीला होते. तंटे कसे मिटवावेत, शांतता कशी नांदवावी, हे परदेशात शिकायला पूर्ण खर्चाची पाठ्यवृत्ती मिळते हे कळलं आणि मी हट्टाला पेटले. दोनदा नकार आला. वयाच्या अटीमुळे तिसरा अर्ज शेवटचा होता. या वेळी शिफारसपत्र गुरुजींकडे मागितलं. त्यांनी एका बैठकीत, मोत्यांसारख्या अक्षरात लिहून दिलं: "ही मुलगी स्वभावाने शांत असून, पालखीच्या मानावरून दोन घरांत चाललेला वाद हिने मिटवला आहे."

दोन्ही गोष्टी धादांत खोट्या. शिमग्यात पालखी पहिली कोणाच्या अंगणात न्यायची, वरच्या वाडीतल्या तात्यांच्या की खालच्या वाडीतल्या दाजींच्या, यावरून दोन वर्षं देवी देवळाबाहेर पडली नव्हती. आणि माझ्या शांतपणाबद्दल आमच्या आईला विचारावं.

"मी हे पाठवणार नाही," मी म्हटलं.

"मुदत कधी संपते?"

"पुढच्या सोमवारी."

"मग आठ दिवस आहेत की. खरं करून टाक."

त्यांची रीतच ती. पोराच्या प्रगतिपुस्तकात आधी 'वाचन उत्तम' लिहायचं आणि मग वर्षभर त्याच्या मागे लागायचं.

मी शहाणी, पुस्तकात वाचल्याप्रमाणे दोघांना देवळात समोरासमोर बसवलं. प्रत्येकाने स्वतःला काय वाटतं तेवढंच सांगा, म्हटलं. तात्यांना दाजी लबाड वाटत होते. दाजींनाही तात्यांबद्दल साधारण तेच वाटत होतं. तासाभराने माझा तोल गेला. "देवीला कोंडून ठेवलंत, लाज नाही वाटत? तुमच्या अंगणात पालखी सोडा, कोणी पायताणसुद्धा ठेवू नये," असं म्हणून मी तरातरा घरी आले. पाठ्यवृत्ती गेलीच, म्हणून पोटभर रडलेही.

संध्याकाळी तात्या आणि दाजी आमच्या पडवीत, एकाच बाकावर.

"कालची पोर आमच्या अंगणाला नावं ठेवते," तात्या बाबांना म्हणाले.

"दोघांच्याय," दाजींनी भर घातली.

चहा झाला, मग पुन्हा चहा झाला. माझ्या उद्धटपणाची उजळणी करता करता दोघांचं इतकं जमलं, की उठताना तात्या म्हणाले, "पालखी एक साल दाजीकडं पयली, एक साल माझ्याकडं. पण हिला मधी घ्यायची नाय."

गुरुजी हे ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी पत्र मागून घेतलं, चष्मा लावला आणि 'शांत' खोडून वर 'स्पष्टवक्ती' लिहिलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही.

पाठ्यवृत्ती मिळाली. मी तिकडे असतानाच, दुसऱ्या वर्षी गुरुजी गेले. मला पोचणं शक्य नव्हतं, त्याचं अजून वाईट वाटतं. त्या दिवशी बाबांचा फोन आला. तिरडी अंगणात तयार होती आणि पहिला खांदा कोणाचा, यावर तात्या आणि दाजी अडून बसले होते. "तूच बोल बाई," बाबा म्हणाले.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मी दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तात्या गुरुजींचे सर्वांत जुने विद्यार्थी होते. दाजींनी सर्वांत जास्त मार खाल्ला होता. मग मी विचारलं, "तिरडीला पुढे खांदे किती लागतात?"



"दोन," दाजी म्हणाले.

मग तात्यांचा आवाज आला, "दाजी, तू उजवीकडं हो. माझा तो खांदा दुखतो."