माळढोकाला चुन्याचं कुंपण

माझी शेवटची पोस्टिंग गावच्या माळावर झाली आणि त्या पोस्टिंगची ऑर्डर माझ्या बायकोने काढली.

फौजेत सोळा वर्षं काढून मी हवालदार म्हणून घरी आलो होतो. सिग्नलचा माणूस. इन्फन्ट्री बटालियनबरोबर वायरलेस सेट पाठीवर घेऊन फिरणं, हे माझं काम. एकाहत्तरची लढाई पूर्वेकडे पाहिली. तिथल्या नद्या, चिखल आणि खिचडीबद्दल मी घरात इतकं बोलतो की जेवताना पोरं ताट उचलून अंगणात जातात.

घरी आल्यावर पहिले तीन महिने मी रोज पहाटे पाचला शिट्टी वाजवून सगळ्यांना उठवलं. अंथरुणांच्या घड्या तपासल्या. चौथ्या महिन्यात वनखात्याचे एक रेंजर आमच्याकडे चहाला थांबले. सोलापूरहून बार्शीकडे जाताना रस्त्यापासून आत आमचा माळ आहे. त्या माळावर माळढोक किती उरलेत ते मोजायला आणि त्यांच्यावर नजर ठेवायला त्यांना एक वॉचर पाहिजे होता. माझ्या बायकोने, मालनने, कप-बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "ह्यास्नी घिऊन जावा. आजच न्या."

मी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर रुजू झालो.

ज्यांनी माळढोक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उभा राहिला तर माझ्या कमरेच्या वर येणारा पक्षी. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, चाल इन्स्पेक्शनला निघालेल्या कर्नलसारखी. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून 'हूम' असा आवाज काढतो, तो मैलभर ऐकू येतो. मादी एका वेळी एकच अंडं घालते. काडी नाही, कापूस नाही. उघड्या जमिनीवर अंडं घालायचं आणि जवळजवळ महिनाभर त्याच्यावर बसायचं. अंड्याचा रंग आमच्या युनिफॉर्मचा, ऑलिव्ह ग्रीन, त्यावर तपकिरी डाग. इतकं चोख कॅमोफ्लाज मी फौजेतही पाहिलं नाही. पहिल्यांदा अंडं पाहायला गेलो तेव्हा तीन पावलांवर उभा राहून मी विचारलं, "कुठंय?"

"आता पाय उचलू नका," बिरू आबा म्हणाले.

बिरू आबा साठीचे धनगर. माळाच्या उत्तरेला त्यांचा मेंढवाडा. ते आणि त्यांची बायको सोनाकाकू, दोघांनी दोन कळप सांभाळायचे. मी फौजेत भरती झालो तेव्हापासून ते मला ओळखत होते आणि तेव्हापासूनच माझ्यावर हसत होते.

अंडं सापडलं त्या आठवड्यात चावडीवर बैठक झाली. रेंजरसाहेब बोलले, मग मी बोललो. मी नकाशा काढून नेला होता. मागणी एवढीच होती की पिल्लू निघेपर्यंत माळाच्या मधल्या तुकड्यात कोणी मेंढरं घालू नयेत. बोलायला सोपं होतं. दुष्काळ सरून दोनच पावसाळे झाले होते, सगळ्यांचे कळप निम्म्यावर आले होते आणि माळावर आत्ता कुठे गवत दिसत होतं. धनगरांच्या सात घरांनी आपापसात हिशेब केला. शेवटी सोनाकाकू बोलल्या.

"ह्या साली सोडतो. पिल्लू दिसलं तर पुढच्या साली बी सोडू. न्हाय दिसलं तर माळ आमचा, आन् हवालदारांनी घरी बसायचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला घरी कोण बसू देणार होतं, हे मी बोललो नाही.

मग रूटीन सुरू झालं. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे मी एकटाच काठी घेऊन उभा. ०६०० ला पेट्रोलिंग, म्हणजे माळाला एक फेरी. त्यानंतर दिवसभर दक्षिणेच्या टेकाडावर, बाभळीखाली, माझी ऑब्झर्व्हेशन पोस्ट. रजिस्टर ठेवलं होतं. मादी उठली, किती वेळाने परत आली, नर कुठे दिसला, सगळं वेळेसकट. माळाच्या तिन्ही टेकाडांवर आमचा एकेक माणूस असायचा, मी, आबा आणि सोनाकाकू. पण वायरलेस सेट नव्हता. मी दोघांना ओरडून बोलण्याची फौजी पद्धत शिकवली. आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. सगळंच संपलं, आता उत्तराची वाट पाहत नाही, असं असेल तर 'आऊट'.

"आबा! मादी दिसते का? ओव्हर!"

"बसलीया की! वव्हर!"

"नर कुठं आहे? ओव्हर!"

"तमाखू हाय का तुमच्याकडं? वव्हर!"

'आऊट' मात्र आबा कधी म्हणायचे नाहीत. बोलणं संपलं, हे त्यांना मान्य नसायचं.

आता माझ्या चुकीकडे येतो. ही चूक फक्त फौजेतला माणूसच करू शकतो.

छावणीत झाड असो, झेंडा असो की पाण्याची टाकी, तिच्याभोवती दगड मांडतात आणि त्यांना चुना मारतात. सोळा वर्षं मी दगडांना चुना मारला होता. अंडं पाहिल्यापासून माझे हात शिवशिवत होते. शेण वेचायला येणाऱ्या बायका, चुकलेलं एखादं जनावर, यांना हद्द कळायला नको का? मादी चरायला उठली त्या वेळात, दोन दिवस थोडं थोडं करून, मी वीस दगड अंड्याभोवती पंधरा पावलांवर गोल मांडले. सगळे सारख्या आकाराचे. घर रंगवून उरलेला चुना त्यांना मारला. टेकाडावरून पाहिलं आणि बटालियनची आठवण येऊन छाती भरून आली.

आबा आले, बघत उभे राहिले.

"हवालदार, कुनाचं लगीन हाय?"

"हद्द आखली, आबा."

"पाखरानं आंडं मातीच्या रंगाचं घातलंय, ते काय त्याला चुना मिळाला न्हाय म्हनून व्हय?"

मुद्दा हरलो की मी वरच्या पट्टीत बोलतो. "सिक्युरिटीचं तुम्हाला कळत नाही," असं मी साठ वर्षांच्या माणसाला म्हणालो. आबांनी तंबाखू मळली आणि निघून गेले. ते बरोबर आहेत हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण दगड उचलायचे तर त्यांच्यासमोर उचलावे लागले असते. मी तीन दिवस घालवले.

चौथ्या दिवशी सकाळी ०७१५ ला रस्त्याकडून जीप आली. चार माणसं, दोन बंदुका. शिकारबंदीचा कायदा झाला होता, पण जीपवाल्यांना तो कागदावरच ठाऊक असावा. पूर्वेच्या चढावर नर पिसारा फुलवून उभा होता. दोन बार झाले. नर खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

मी टेकाडावरून पळत सुटलो. अंतर सहाशे यार्ड. जीप पक्षी उचलायला जाईल, असं मला वाटलं. ती थांबली. एकजण सीटवर उभा राहिला, दुर्बीण लावली. तो पडलेल्या नराकडे पाहत नव्हता. माझ्या दगडांकडे पाहत होता. मग जीप तिकडे वळली.

शत्रूला टार्गेट चुना मारून दाखवणारा सिग्नलमन मी पहिलाच असेन.

आबा त्या जागेपासून दोनशे पावलांवर, हद्दीच्या बाहेर कळप घेऊन होते. माझ्याआधी तेच पोचू शकत होते.

"आबा! मेंढरं दगडांवर घाला! ओव्हर!"

"घालायची न्हाईत असं ठरलंय की! वव्हर!"

"ऑर्डर बदलली! जीप बघा! ओव्हर!"

आबांनी मान वळवली.

"बगितली! आऊट!"

त्यांनी मेंढरं पुढे हाकलली नाहीत. ते स्वतः पुढे पळाले. मादी उठली, मान खाली घालून थोडी धावली आणि तुरीच्या शेताकडे उडाली. उघड्या अंड्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून आबा काठीवर रेलून उभे राहिले. बिनकठड्याच्या विहिरीपाशी धनगर असाच उभा राहतो. मालक उभा असेल तिथे मेंढरू पाय टाकत नाही. मागून कळप आला, आबांच्या गुडघ्यांपाशी फाकला आणि पलीकडे पुन्हा एक झाला. दुसऱ्या बाजूने सोनाकाकूंनी आपला कळप जीपच्या पुढ्यातच घातला. चहूकडे पाठीच पाठी. जीप थांबली. हॉर्न वाजायला लागला.

मी पोचलो तेव्हा 'हॉल्ट' म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसती शिट्टी निघाली. दम खाल्ला.

"कोण रे तू?" बंदूकवाला म्हणाला.

"हवालदार. गाडी मागे घ्या. ही जागा फौजेच्या ताब्यात आहे. पांढरे दगड दिसत नाहीत? आत तोफेचे न फुटलेले गोळे आहेत."

खोटं बोलण्याची माझी तयारी नव्हती. दगड समोर होते, त्यांचं काहीतरी करणं भाग होतं.

त्याने दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग ही मेंढरं आत कशी?"

उत्तर सोनाकाकूंनी दिलं.

"मेंढरास्नी कुटं कळतंय, सायेब? परवाच दोन उडाली. तुमी या की म्होरं."

ड्रायव्हरने मालकाला विचारलंसुद्धा नाही. रिव्हर्स टाकला. मालक त्याच्यावर ओरडत राहिला आणि जीप रस्त्यापर्यंत उलटीच गेली. मी नंबर हातावर लिहून घेतला. वेळ ०७३२.

मेंढरं बाजूला झाली. आबा तसेच उभे. मी जवळ गेलो. त्यांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा. मधे अंडं होतं. जसं होतं तसं.

"माजं पाय लटपटत व्हतं," ते म्हणाले. "आंडं काय हाललं न्हाय."

मी दगड उचलायला वाकलो. त्यांनी काठी आडवी धरली.

"तुमी नगा. तुमचं चालनं पाखराला चालत न्हाय. ताडताड पाय आपटता."

दगड त्या दोघांनी उचलले. कळप चारत चारत, वाकून, एकेक दगड घोंगडीत घेत. मी टेकाडावर पोटावर पडून पाहत होतो. शेवटी कळपही दूर गेला आणि माळावर उघडं अंडं आणि वर घार एवढंच उरलं. मादी परतली नाही तर गावाचा शब्द संपला, माळ संपला. आठ वाजले. नऊ वाजले. घार दोनदा खाली आली. दोन्ही वेळा सोनाकाकूंची गोफण फिरली. साडेनऊला मी रजिस्टर उघडून नुसतं धरून ठेवलं होतं.

१०१० ला मादी तुरीतून बाहेर आली. थांबली. चार पावलं चालली, थांबली. १०२५ ला ती अंड्यावर बसली.

"बसली!" आबा ओरडले. 'वव्हर' म्हणायला विसरले. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

नर मेला होता. रेंजरसाहेब दुपारी आले, तोपर्यंत आबांनी त्याच्यावर आपली घोंगडी टाकून ठेवली होती. पंचनामा झाला. जीपचा नंबर, जबाब, सगळं साहेबांनी लिहून घेतलं. न फुटलेल्या गोळ्यांची थाप मी प्रामाणिकपणे सांगितली, तेव्हा त्यांनी पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे मला ऐकू आलं नाही." संध्याकाळ व्हायच्या आत नराला चढावरच पुरलं. जीपवाल्यांना कोर्टात उभं राहावं लागलं आणि साक्षीला आमचं निम्मं गाव गेलं.

बारा दिवसांनी सकाळी सोनाकाकूंच्या टेकाडावरून आवाज आला.

"पिल्लू! पिल्लू! वव्हर! अवं पिल्लू!"

मादीच्या पायांत एक मातीचा गोळा चालत होता. रजिस्टरमध्ये वेळ ०६५० आहे. त्या ओळीचं अक्षर वाकडं आलंय. माझी मुलगी ते पान पाहुण्यांना दाखवते.

पुढच्या वर्षी चावडीवर शेजारच्या दोन गावांचे धनगरही आले. आबा नव्हते. थंडीत छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आठ दिवसांत गेले. बैठक सुरू होण्याआधी मी परवानगी मागितली. आमच्या बटालियनमध्ये वर्षातून एकदा गेलेल्यांची नावं वाचतात आणि सगळे उभे राहून ऐकतात. तसं आबांचं नाव मला वाचायचं होतं. लोक उभे राहिले. मी वाचलं.

"येकच?" सोनाकाकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुमच्या बरूबरचं दोगं हायती की. ह्यांनी सांगितलं व्हतं मला."

पूर्वेकडच्या लढाईत माझ्या सेक्शनचे दोघे कामी आले. त्यांच्याबद्दल मी मालनजवळही कधी बोललो नव्हतो. आबांना माळावर एकदा सांगितलं होतं. मी कागद खाली घेतला आणि पाठ होतं ते म्हणालो. नाईक शंकर. शिपाई यशवंत. धनगर बिरू.

लोक बसायला लागले. सोनाकाकू बसल्या नाहीत.

"आन् त्यो नर?"

"त्याला नाव नव्हतं, काकू."

"मग माळढोक म्हना. पर वाचा."

बसलेले पुन्हा उठले. मी वाचलं, "माळढोक." चावडीत कोणी हसलं नाही.

मग सोनाकाकू खाली बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हां. आता माळाचं बोला. औंदा किती दिस सोडायचा?"