ब्रेकची चीं-चीं आणि आमचा चहा

मंडळी, आमच्या गाडीचे ब्रेक तीन महिने चीं-चीं करत होते. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की बायको चहा टाकायची, म्हणून मलाही तो गोडच वाटायचा.

आज खर्र-खर्र सुरू झालं. उद्या आईला घेऊन अजिंठ्याचा घाट उतरायचाय, म्हणून शहागंजात रशीदभाई मेकॅनिककडं पळालो.

चाक काढून ते म्हणाले, "चीं-चीं म्हंजे पॅड संपत आले, तवाच बदलायचे ना भाऊ! आता डिस्कबी खाल्ली त्यानं. एवढे दिवस काय ऐकत व्हते?"

"चहा," मी म्हणालो.

दोन्ही नवीन टाकून बिनआवाजाचा घरी पोचलो. चहा नव्हता. बायको फोनवर तिच्या आईला सांगत होती, "आई, यांना कितीबी सांग, या कानानं ऐकतेत अन् त्या कानानं सोडून देतेत!"

गुपचूप बाहेर आलो आणि हॉर्न वाजवला.

तुमच्याकडं काय वाजतंय सध्या?