व्हिसा माझा, प्रश्न शकूताईंचा

मंडळी, आज सकाळी वकिलांचा मेल आला. माझा अमेरिकेचा ‘असाधारण क्षमते’चा व्हिसा मंजूर झाला! नवरा एडिसनच्या देशी दुकानातून पेढे घेऊन येतोय, आणि मी तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

मी पब्लिक हेल्थमध्ये रिसर्च करते. माझा सगळा अर्ज एका प्रश्नावर उभा आहे. विदर्भात लसीकरणाचा सर्व्हे करताना काही बाळं यादीतून सुटायची, कारण आया बाळंतपणाला माहेरी गेलेल्या असायच्या. फॉर्ममध्ये ‘माहेरचं गाव कोणतं?’ एवढं विचारलं आणि बाळं सापडायला लागली.

हा प्रश्न माझा नव्हता. तिथल्या आशा सेविका शकूताई तो आधीपासून रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीने लिहायच्या. अर्जात मात्र वकिलांनी लिहिलं, ‘अर्जदाराने स्वतः शोधलेली पद्धत’. मी म्हटलं, “हे जरा बदलू या का?” ते म्हणाले, “मग केस कशी उभी राहणार?” मी सही केली.

आज राहवेना म्हणून ताईंना फोन केला. सगळं कबूल केलं. त्या हसल्या. “नाव कुणाचं का असेना, बाळं सापडली ना? पण मॅडम, तुमच्याकडे तर बाळंतपणाला मुलीची आईच इकडून तिकडे येते. ती परत गेल्यावर बाळाच्या डोसच्या तारखा कोण लक्षात ठेवतं? विचारा की एकदा.”

तुम्ही माझ्या जागी असता तर सही केली असती का? खरं सांगा.

ताईंचा नवा प्रश्न मी फोन ठेवताक्षणी वहीत उतरवला. शेजारी त्यांचं नाव लिहिलेलं नाही, हे आत्ता पोस्ट टाइप करताना दिसलं.